डाग आणि समीक्षक

सिनेमाचं परीक्षण करायला दोनच गोष्टी लागतात, असा माझा इतके दिवस समज होता. एक म्हणजे ठाम मत, आणि दुसरी म्हणजे ते ऐकून घेणारी, पण उठून जाता न येणारी माणसं. पहिली गोष्ट माझ्याकडे जन्मजात आहे. दुसरी बँकेत जेवणाच्या सुट्टीत डब्यांसकट मिळते. तिसरीही एक गोष्ट लागते, हे मात्र गेल्या महिन्यात कळलं.

त्याचं असं झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, तेव्हापासून बाहेरगावचे नातेवाईक मला फोन करून “काय हो, तुमच्या गावावर सिनेमा!” असं म्हणू लागले. जणू मी त्यात भांडवल घातलं होतं. मी सगळ्यांना “होय, आम्हाला जुनंच ठाऊक आहे” असं सांगत राहिलो. शेवटी मनाची थोडी लाज वाटून एका रविवारी दुपारी फैझा अहमद खान यांचा २००८ सालचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट मोबाइलवर लावला. म्हटलं, आधी मूळ पाहावं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावचे शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमे काढू लागले. २००० च्या सुमारास त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. डाकूंना घोड्यांऐवजी सायकली, आणि लुटायला आगगाडीऐवजी बस. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला. तो करतानाची सगळी धडपड या माहितीपटात आहे. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार. हिरव्या कापडापुढं त्याला आडवा करायचा, मग संगणकावर हिरवं काढून तिथं आकाश भरायचं, की झालं उड्डाण!

पाहता पाहता माझ्या लक्षात आलं, की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा पांढुरका ढग आहे. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, कॅमेरा साधा असणार. पुढची दहा मिनिटं वाटलं, दिग्दर्शिकेचं दुर्लक्ष. पण ढग हलेना. घरात ढग, गल्लीत ढग, नदीवर ढग. तेव्हा मला साक्षात्कार झाला, की हे प्रतीक आहे! यंत्रमागाच्या गावावर कायम तरंगणारा कापसाचा पुंजका! समीक्षकाला जे पुसता येत नाही, त्याला तो प्रतीक म्हणतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

सोमवारी डबे उघडले तसा मी सुरू झालो. प्रतीकावर पंधरा मिनिटं बोललो. आमचे कॅशियर शांतपणे वांग्याची भाजी खात होते. घास गिळून ते म्हणाले, “साहेब, मी घरच्या टीव्हीवर पाहिलाय. कसला ढग?”

माणूस नोटा मोजून मोजून संवेदनाशून्य होतो, असं मी मनात म्हणालो. पण वादाला पुरावा हवा. रात्री त्या प्रसंगाचा स्क्रीनशॉट घेतला आणि पाहिला. ढग जागच्या जागी! विजयी मुद्रेनं तो पुण्याच्या मेहुण्याला धाडला. उत्तर आलं, “दाजी, कुठंय ढग?” त्याचा फोन बिघडला असावा असं समजून मी सौ.च्या फोनवर पाठवला. तिथंही आकाश निरभ्र.

“अहो, तो डाग तुमच्या फोनच्या पडद्यावर आहे,” सौ. म्हणाली. “परवा माझ्या आईच्या फोटोवरही होता. तेव्हा नाही कुठं तुम्हाला प्रतीक दिसलं!”

वाचकहो, इथं एक शास्त्र आहे. स्क्रीनशॉट हा काचेचा फोटो नसतो. फोननं जे चित्र तयार केलं त्याची ती नक्कल असते. म्हणून तो दुसऱ्याच्या फोनवर पाहायचा. तिथंही डाग दिसला तर दोष चित्रात किंवा आज्ञावलीत. दिसला नाही तर दोष आपल्या पडद्यात. हीच परीक्षा आपल्याच फोनवर घेतली, तर डाग प्रत्येक वेळी उत्तीर्ण होतो. मी नेमकं तेच केलं होतं. बँकेत ज्याचा हिशेब तपासायचा त्यालाच तपासनीस नेमत नाहीत, एवढं कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकूनसुद्धा!

निदान झालं, आता उपचार. उपचार सांगायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. एकानं टूथपेस्ट घासायला सांगितली. तिनं डाग गेला नाही, काचेवरचा गुळगुळीत लेप तेवढा गेला. दुसऱ्यानं तांदळाच्या डब्यात फोन पुरायला सांगितलं, सौ.नं खिचडीच्या वेळी तो शोधून काढला. तिसऱ्यानं रात्रभर झपाट्यानं रंग बदलणारा एक व्हिडिओ लावून ठेवायला सांगितला. रात्री दोनला सौ. दचकून उठली आणि म्हणाली, “या वेळी कुणाची वरात?” चौथ्यानं अंगठ्यानं दाबायला सांगितलं. ते मी केलं, आणि डाळीचा हरभरा झाला.

तेव्हा मोसम पुलापलीकडे एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. विशी-बाविशीचा पोरगा. त्यानं काच पुसली, पडदा एकदा पांढरा, एकदा काळा, मग लाल, हिरवा, निळा करून पाहिला, आणि माझ्या अज्ञानाची कीव करत शिकवणी सुरू केली. कधी डाग नुसता वरच्या संरक्षक काचेखालचा बुडबुडा असतो. ती काच काढली की गेला. कधी एखादा ठिपका मेलेला असतो, म्हणजे कायमचा काळा. कधी तो एकाच रंगावर अडकलेला असतो. रंगांच्या वरातीनं अडकलेला क्वचित सुटतो, मेलेला सहसा उठत नाही. काही महाग फोनांत शाई सांडल्यासारखा काळा-जांभळा डाग पसरत जातो. तिथं आधी फोटो नि नंबर दुसरीकडे उतरवून घ्यायचे आणि मग पडदा बदलायचा. आणि माझ्यासारखा पांढुरका ढग म्हणजे पडद्यामागच्या उजेडाच्या थरांवर पडलेला दाब.

“साहब, फोन पीछे की जेब में रखते हो?”

मी होय म्हणालो. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही. वजन त्यानं अंदाजानंच धरलं.

माझ्या फोनचा पडदा १०८० गुणिले २४०० ठिपक्यांचा, म्हणजे २५ लाख ९२ हजार. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. एकूण ७७ लाख ७६ हजार. एवढ्या नोंदींत एका कोपऱ्याचा ताळमेळ चुकला, तर मी अख्ख्या सिनेमाला प्रतीकवादी ठरवून मोकळा झालो होतो.

“नवीन पडदा टाकू?” मी विचारलं. त्यानं किंमत सांगितली. तेवढ्यात अर्धा फोन आला असता. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “पिक्चर लगाओ.” मी तोच माहितीपट लावला. “अरे, ये तो अपने शफीकभाई!” असं म्हणून त्यानं माझ्या हातातला आडवा फोन गर्रकन उलटा फिरवला. चित्र आपोआप सुलटं झालं, आणि ढग वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी चपलेवर जाऊन बसला. “ऐसे देखो. फोकट में.”

पैसे घेईना. मी पुलावरून परत निघालो, तेव्हा २००० सालची एक संध्याकाळ आठवली. मी कॉलेजात होतो. एक मित्र म्हणाला, “चल, पलीकडे आपला शोले लागलाय.” मी म्हणालो, “मूळ पाहिलाय. नक्कल कशाला?” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं परीक्षण, आणि न पाहता केलेलं. खरी अडचण नकलेची नव्हती, ‘पलीकडे’ची होती. मोसम नदीला दोन काठ आहेत, आणि दोन्ही काठांवरची माणसं आपापल्या काठाला अलीकडचा म्हणतात.

गंमत म्हणजे, याच गोष्टीचा मला स्वतःला केवढा राग! २००६ आणि २००८ च्या स्फोटांत आमच्या गावातली माणसं गेली. त्यानंतर प्रशिक्षणाला कुठंही गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, “मालेगाव? आता शांत आहे ना?” मी तावातावानं सांगायचो, की डाग तुमच्या काचेवर आहे. सांगताना माझी काच माझ्याच मागच्या खिशात, माझ्याच वजनाखाली दबत होती.

रात्री फोन उलटा धरून माहितीपट पुन्हा पाहिला. आता परीक्षण करतो. शफीक काटकुळा आहे, सुपरमॅनच्या चड्डीची नाडी लोंबते आहे, आणि आपल्याला हसू येतं. पण या मंडळींना आपण हसायच्या आत ती स्वतःच हसलेली असतात, आणि मग पुन्हा कामाला लागतात. दिग्दर्शिकेनं त्यांची कीव केलेली नाही की आरतीही ओवाळलेली नाही. बाजूला बसून पाहिलं आहे. शफीक २०११ मध्ये कर्करोगानं गेला. त्याच्या चेहऱ्याच्या जागी मी पहिल्या वेळी कापसाचं प्रतीक पाहत बसलो होतो, याची मला लाज वाटते. त्याचं हसू फार चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी कॅशियरना सांगितलं, “सिनेमा उत्तम. खालच्या डाव्या कोपऱ्याबद्दल मात्र मत राखून ठेवतो. तिथं माझा डाग आहे.”

“म्हणजे ऑडिटरसारखा सशर्त अभिप्राय,” ते म्हणाले. “समीक्षकांनी असाच द्यावा. सही करा.”

घरी सौ.नं विचारलं, “आणि आईच्या फोटोचं काय?”

फोन उलटा करून तो फोटो पाहिला. आई छान दिसत होत्या. तसं लेखी द्यावं लागलं, बिनशर्त.