पानिपतची साधने : अस्सल पत्रांची एक मर्यादा

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतच्या मोहिमेतील अस्सल पत्रे अभ्यासकांच्या हाती आली. ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चे प्रामाण्य तेव्हापासून ओसरले, हे योग्यच झाले. परंतु अस्सल कागद म्हणजे निःपक्ष कागद नव्हे, या भेदाकडे खुद्द राजवाड्यांचेही पुरेसे लक्ष गेले नाही.

गोविंदपंत बुंदेल्यांचेच उदाहरण घ्यावे. भाऊसाहेबांनी पंतांकडे पैसा, नावा व रसद यांचा वारंवार तगादा लावला. या पत्रांच्या आधारे राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनेत अपयशाचा बराच भार पंतांवर व मल्हारराव होळकरांवर टाकला. वस्तुतः वरिष्ठाच्या तगाद्याने मागणी सिद्ध होते. ती का पुरी झाली नाही, हे सिद्ध होत नाही. शिवाय हेच पंत डिसेंबर १७६० मध्ये दुआबात अब्दालीची रसद तोडीत असता अफगाण स्वारांच्या अचानक छाप्यात मारले गेले. ही घटना अपराधाच्या तराजूत तोलल्याविना निकाल देणे घाईचे होय.

दुसऱ्या बाजूचा साक्षीदार काशीराज पंडित. जन्माने दक्षिणी, चाकरीने शुजाउद्दौल्याचा. त्याने लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी फारसीत वृत्तांत लिहिला. भाऊसाहेबांच्या तहाच्या निरोपांची ने-आण त्याच्या हातून झाली होती. म्हणून शत्रूच्या छावणीत तहाविषयी काय घडले, हे त्याच्याकडून कळते : शुजा तहाला अनुकूल, नजीबखान रोहिला कट्टर विरोधी. मराठी छावणीच्या पत्रांतून ही आतली बाजू कशी उमगावी? तथापि ज्या धन्याचे अन्न खाल्ले त्यालाच तहाचे श्रेय देणारी साक्ष जपूनच वाचली पाहिजे. (बखरकारावर धनीपक्षपाताचा आरोप करणारे काशीराजाला मात्र सहज सोडतात, हे नवल आहे.)

त्याची पडताळणी अन्य फारसी वृत्तांताशीच करावी लागते. नजीबाविषयी नुरुद्दीन हुसेन याने लिहिलेला वृत्तांत येथे उपयोगी पडतो. यदुनाथ सरकारांनी तो इंग्रजीत आणला आणि मोगल साम्राज्याच्या पतनावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१९३४) पानिपतचे प्रकरण लिहिताना फारसी साधनांचा भरपूर उपयोग केला. सरकारांचे मराठ्यांविषयीचे सर्वच निर्णय मान्य करण्याचे कारण नाही. पण त्यांच्याशी वाद घालावयाचा तर तो फारसी साधने वाचूनच घालावा लागेल, आणि मराठी अभ्यासकांपैकी फारसी जाणणारे नेहमीच थोडे राहिले आहेत.