मुद्द्यांची गोष्ट आणि मुलांची गोष्ट

आमच्या शाळांतून गोष्ट लिहावयास शिकविण्याची एक ठराविक रीत आहे. ‘शेतकरी—चार मुलगे—सदा भांडण—काठ्यांची मोळी—उपदेश’ असे पांचसहा मुद्दे फळ्यावर लिहावयाचे, मुलांनीं मधल्या रिकाम्या जागा क्रियापदांनीं भरून काढावयाच्या, वर शीर्षक व खालीं तात्पर्य जोडावयाचें, कीं कथालेखन झालें! वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं हें केलेंच असेल, आणि ज्या रीतीनें आपण शिकलों ती निर्दोष असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु सहावी ते आठवीच्या मुलांस या रीतीनें नेमकें काय शिकविलें जातें, याचा विचार एकदां तरी केला पाहिजे.

आमच्या ओळखीच्या घरांतील सातवींतल्या एका मुलीची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. ती आजीबरोबर कोंकणांतून एस्. टी. नें परत येत होती. गाडी सुटली, आणि आजीची काठी फलाटावरच राहिली. आजीनें गाडी थांबवावयास लाविली. कंडक्टर चिडला, उतारू हंसूं लागले. आणि मुलगी काठी घेऊन येईपर्यंत आजी गाडीच्या दारांत उभी राहून ‘माझी नात खाली आहे, गाडी हलवायची नाही,’ असें बजावीत होती. ही हकीकत त्या मुलीनें आम्हांस आजीच्या हातवाऱ्यांसकट सांगितली, आणि ऐकतांना आमची हंसून मुरकुंडी वळली. आठ दिवसांनीं शाळेंत ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ हा विषय आला. तिच्या वहींत आम्हांस काय आढळलें? रम्य पहांट, पक्ष्यांची किलबिल, हिरवा शालू नेसलेली सृष्टि, आणि शेवटीं प्रवासानें ज्ञान वाढतें हें तात्पर्य! आजी नाहीं, काठी नाहीं, कंडक्टर नाहीं. ‘काठीचं का नाही लिहिलंस?’ असें विचारतां ती म्हणाली, ‘तसलं वहीत लिहितात का?’ खालीं गुण मात्र चांगले मिळाले होते.

त्या मुलीचें कांहीं चुकलें नव्हतें. शाळेनें जें शिकविलें तें तिनें अचूक उचललें होतें. आपण पाहिलेलें, आपल्या घरचें, आपल्या तोंडचें जें असेल तें कागदाच्या योग्यतेचें नव्हे. कागदावर दुसऱ्याचेंच मांडावयाचें असतें, हा तो धडा. गुणांची हानि भरून काढतां येते. परंतु बाराव्या वर्षीं जो हा धडा शिकला, तो पुढें पत्र लिहो, अर्ज लिहो कीं वर्तमानपत्रांत लेख लिहो, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावयास तो सहसा धजत नाहीं. आमची तक्रार आहे ती एवढ्यासाठींच.

आतां शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. कोरा कागद पुढें ठेवला तर निम्मीं मुलें पेन्सिल चावीत बसतात, हें खोटें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं ३५ मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण ठरविलें; पण ३५ गोष्टी मन लावून वाचणें हेंही थोडें काम नव्हे. मुद्दे दिले म्हणजे दुबळ्या मुलास आधार मिळतो व तपासणारासही सोपें जातें. ‘मुलांना मोकळें सोडा, म्हणजे त्यांची प्रतिभा आपोआप फुलेल,’ असें म्हणणारांच्या पंक्तीला आम्ही बसत नाहीं. आधार हा पाहिजेच. वाद आहे तो, आधार कोणत्या ठिकाणीं द्यावयाचा, एवढाच.

या वादावर टॉलस्टॉयच्या १८६२ सालच्या एका लेखानें चांगला प्रकाश पडतो. यास्नाया पोल्याना या आपल्या गांवीं त्यानें शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली होती. लिहावयास कोणीं कोणापासून शिकावें, शेतकऱ्यांच्या मुलांनीं आमच्यापासून कीं आम्हीं त्यांच्यापासून, अशा अर्थाचें त्या लेखाचें नांव आहे. एका म्हणीवर गोष्ट रचावयाची होती व मुलांस तें जमेना. तेव्हां टॉलस्टॉय स्वतःच लिहावयास बसला. मुलें भोंवतीं जमून त्याच्या चुका काढूं लागलीं. आणि अखेरीस फेदका व स्योमका हीं दोन मुलें सांगूं लागलीं व तो लिहून घेऊं लागला. गोष्टींतील एक शेतकरी बायकी डगला अंगावर घेतो, असें फेदकानें मध्येंच सांगितलें. बायकीच कां, याचें टॉलस्टॉयला आश्चर्य वाटलें. पण विचार करतां, घाईनें हाताशीं आलेला तो डगला आणि त्याबरोबर त्या शेतकऱ्याचें अवघें घर त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

यावरून मोठ्यांनींच मुलांपासून शिकावें, असें अनुमान टॉलस्टॉय काढतो. तें आम्हांस अतिशयोक्तीचें वाटतें. दोन असामान्य मुलांवरून साऱ्या शाळेचा नियम ठरत नाहीं. परंतु त्याच लेखाच्या शेवटीं त्यानें जें सांगितलें आहे तें अधिक मोलाचें आहे. गोष्ट लिहितांना अनेक कल्पनांतून एक निवडणें, तिला शब्द देणें, मागें काय सांगितलें तें ध्यानांत ठेवणें, जुळवणी करणें, आणि हें सारें कागदावर उतरविणें, इतकीं कामें मुलास एकाच वेळीं करावीं लागतात. म्हणून आरंभीं यांतील कांहीं कामें शिक्षकानें स्वतःकडे घ्यावीं व हळूहळू मुलाच्या स्वाधीन करावीं. आमची रीत याच्या नेमकी उलट आहे. काय सांगावें हा मुलाचा स्वतःचा भाग आम्ही मुद्दे देऊन काढून घेतों. आणि जुळवणी, शुद्धलेखन, वळणदार अक्षर यांचें ओझें तेवढें एकदम त्याच्या माथीं मारतों!

खरा आधार द्यावयाचा तर आधीं मुलास तोंडीं सांगूं द्यावें. त्यानें सांगितलेल्या दहा गोष्टींतून एक प्रसंग वेगळा काढावयास शिक्षकानें मदत करावी. ‘काठी कोठें राहिली?’ ‘कंडक्टर काय म्हणाला?’ असे प्रश्न विचारावे, आणि वर्गानें मिळून सांगितलेली एखादी हकीकत फळ्यावर मुलांच्याच शब्दांत उतरून दाखवावी. शुद्धलेखन आम्हांस नको आहे असें कोणीं समजूं नये. पण तें दुसऱ्या वाचनाचें काम आहे. पहिल्या वाचनांत शिक्षकानें केवळ वाचक व्हावें. तात्पर्य तर खुशाल गाळावें. आजीच्या त्या दरडावणींत जें आहे तें खालच्या एका ओळीनें वाढत नाहीं.

तोंडच्या भाषेंतून कागदावर जाणारी वाट मराठींत अपरिचित नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांस अक्षरओळख लग्नानंतर झाली. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ आजही आवडीनें वाचलीं जातात, तीं घरांत बोलावें तशा भाषेंत सांगितलेल्या माणसांसाठीं आणि प्रसंगांसाठीं. प्रत्येक मूल लक्ष्मीबाई होईल असें आम्ही म्हणत नाहीं. ती वाट त्याच्यासाठीं बंद करूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे.

हें मागणें एकट्या शिक्षकांपाशीं नाहीं. मुलाची वही हातीं आली कीं आपण पालक प्रथम गुण पाहतों. त्याऐवजीं ती एकदां वाचून, ‘यांत तूं कोठें आहेस?’ एवढें विचारावें. त्या मुलीनें काठीची हकीकत पुढें केव्हां लिहिली कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं. तिला तसें विचारावयास आम्हांसही उशीर झाला होता.