काटकसर कोणाची?

अंदाजपत्रकांतील तूट हा निव्वळ अंकगणिताचा विषय आहे, असा समज सुशिक्षितांतहि रूढ आहे. तो किती फसवा आहे हें पाहावयाचें असेल, तर इंग्लंडांत १९३१ च्या जुलैअखेर प्रसिद्ध झालेला सर जॉर्ज मे यांच्या समितीचा अहवाल वाचावा. समितीनें १२ कोटि पौंडांच्या तुटीचें भाकीत केलें. तींत कर्जफेडीसाठीं बाजूस काढावयाचे सुमारें ५ कोटिहि धरलेले होते. कर्जफेड हा सद्गुण खरा. परंतु तिला तुटींत गणावें कीं नाहीं, हा निवडीचा प्रश्न आहे. अहवाल तो गणित म्हणून मांडतो, हाच त्याचा मुख्य दोष. पुढें ९ कोटि ६० लक्षांची काटकसर सुचविली, आणि तिचा दोनतृतीयांशांहून अधिक भार बेकारांच्या विम्यावर टाकला. दोघां मजूरपक्षीय सभासदांची भिन्नमतपत्रिका तशीच मागें पडली.

ऑगस्टांत बेकारभत्त्यांत शेंकडा १० कपात करण्याच्या प्रश्नावरून मॅकडोनल्ड यांचें मजूर मंत्रिमंडळ फुटलें. त्यांच्याच नव्या राष्ट्रीय सरकारनें कपात जाहीर केली. तरीहि पौंडाची सोन्याशीं असलेली जी सांगड राखण्यासाठीं हा खटाटोप, ती २१ सप्टेंबर रोजीं सोडावीच लागली.

आवक पाहून खर्च करावा, हा संसारी उपदेश घरापुरता ठीक आहे. राष्ट्रांत मात्र एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. म्हणून तूट किती, हें विचारण्यापूर्वीं ती कोणीं व कशी मोजली, आणि कोणाच्या ताटांतून भरून काढावयाची, हें सुज्ञ वाचकानें अवश्य विचारावें.