बौद्ध धम्माचा परिचय : शब्दांचा आणि शाखांचा प्रश्न

बौद्ध विचाराचा परिचय करून देणाऱ्या पाठ्यपुस्तकांची एक ठरीव मांडणी झाली आहे. आधी सिद्धार्थ गौतमाचे चरित्र, मग चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग, पुढे संगीतींचा इतिहास, त्यातून फुटलेल्या हीनयान, महायान व वज्रयान या शाखा, आणि अखेरीस, जागा उरलीच तर, उपासकांचा आचार. १९५६ चे धर्मांतर बहुधा परिशिष्टात येते. बौद्ध मनुष्य ज्याने कधी पाहिला नाही अशा वाचकासाठी ही मांडणी सोयीची असेल. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वर्गाची गोष्ट निराळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेऊन व देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १६ ऑक्टोबरला चांदा येथे आले व तेथेही त्यांनी दीक्षा दिली. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १९८२ मध्ये. येथील वर्गात बसणाऱ्या अनेकांना त्रिशरण-पंचशील अक्षरओळखीच्याही आधी पाठ झालेले असते, आणि त्याच बाकावरील माडिया किंवा गोंड विद्यार्थ्याने ते फक्त दुरून ऐकलेले असते. पहिल्याला स्वतःचा आचार पुस्तकाच्या शेवटच्या पानावर भेटतो, दुसऱ्याच्या हाती सिद्धान्तांची यादी पडते. दोघांच्याही बाबतीत हा परिचय नव्हेच.

तेव्हा आरंभ सिद्धान्ताऐवजी ओठांवरच्या शब्दांपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. पालीतील पुष्कळ शब्द मराठी विद्यार्थ्याला एका पायरीवरच सापडतात. संस्कृत हस्त, प्राकृत अवस्थेतील हत्थ, मराठी हात. सप्त, सत्त, सात. त्याच नियमाने धर्माचा धम्म आणि कर्माचा कम्म. ‘सिक्खापद’ या शब्दात आपले ‘शिकणे’ हे क्रियापद उघड दिसते. मात्र जवळचे शब्द फसवतातही. ‘शरण जाणे’ म्हणजे मराठीत हार मानणे, शस्त्र खाली ठेवणे. पालीतील ‘सरण’ म्हणजे आसरा, आधाराचे ठिकाण. त्रिशरणाचा अर्थ विचारला असता विद्यार्थी मराठी अर्थच सांगतो, आणि मग ज्या शास्त्याने स्वतःला मोक्षदाता म्हणवले नाही त्याच्यापुढे शरणागती कशी, या कोड्यात पडतो. कोडे भाषेने घातलेले आहे, धम्माने नव्हे.

पंचशीलाचेही तसेच. पुष्कळ पुस्तकांत पाच शिले ‘आज्ञा’ म्हणून छापलेली असतात. परंतु वंदनेतील ‘समादियामि’ हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी वर्तमानकाळाचे आहे : ‘मी पत्करतो’. ‘वेरमणी’ हा शब्द ‘वि’ उपसर्ग लागलेल्या ‘रम्’ धातूवरून आलेला, मराठीतील ‘विराम’ शब्दाचा भाऊबंद. अर्थ, परावृत्त होणे. हिंसेपासून परावृत्त होण्याचा शिक्षानियम मी पत्करतो, असे बोलणारा स्वतःविषयी बोलत असतो. आज्ञार्थ येथे कोठेही नाही, आणि आज्ञा देणाराही नाही. आता याच्याशेजारी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ठेवून पाहाव्यात. भाषा पालीऐवजी मराठी आहे, रोख अमुक देवांना न मानण्याचा व समतेचा आहे. पण कर्ता तोच, ‘मी’. अनीश्वरवाद, अनात्मवाद आणि स्वतःच्या कर्माची जबाबदारी ही प्रकरणे या एका सर्वनामावरून जितकी स्वच्छ समजावता येतात तितकी कोणत्याही व्याख्येवरून येत नाहीत.

शाखांचा प्रश्न अधिक बिकट आहे. मुळात ‘शाखा’ हा शब्दच वाकडी वाट दाखवतो. भाषाशास्त्रात ऑगुस्ट श्लायखर याने भाषांचा वंशवृक्ष काढला; १८७२ मध्ये योहानेस श्मिट याने त्याविरुद्ध लहरींची उपमा मांडली : बदल पाण्यातील तरंगांप्रमाणे पसरतात, एकमेकांस छेदतात, आणि एकाच जागी अनेक लहरींचे ठसे राहतात. सिरोंच्याकडची तेलुगूमिश्रित मराठी किंवा गोंडीशेजारी वाढलेली मराठी ऐकलेल्या विद्यार्थ्याला हे निराळे समजावावे लागत नाही. बौद्ध संप्रदायांनाही हीच उपमा शोभते. ‘हीनयान’ हे नाव प्रतिपक्षाने दिलेले, ते वर्गात निमूटपणे वापरू नये. थेरवाद हा जुन्या अनेक निकायांपैकी आजवर टिकलेला एक. निकाय ठरत असे तो विनयावरून, म्हणजे भिक्षूच्या उपसंपदेवरून. महायान ही ध्येयाविषयीची व ग्रंथांविषयीची भूमिका होती. म्हणूनच सातव्या शतकात ह्युएनत्संगाला दोन्ही यानांचा अभ्यास करणारे भिक्षू एकाच विहारात राहताना आढळले. पाठ्यपुस्तकातील वृक्षाच्या आकृतीत त्या विहाराला जागाच नाही.

तशी ती आमच्या जिल्ह्यालाही नाही. भद्रावतीच्या विजासन टेकडीतील लेण्यांत बुद्धमूर्ती आहेत. ह्युएनत्संगाने ज्या दक्षिण कोसलात महायानी भिक्षू पाहिले, त्याची राजधानी याच परिसरात शोधण्याचा प्रयत्न कनिंगहॅम याने केला होता. ते स्थाननिश्चितीकरण आजही वादाचे आहे. लेणी मात्र वादातीत आहेत. याच परिसरातील आजच्या विहारांत वंदना होते ती पालीत, थेरवादी परंपरेच्या भाषेत. नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा दिली ती मूळ ब्रह्मदेशच्या महास्थविर चंद्रमणींनी. बाबासाहेबांना उपासक ‘बोधिसत्त्व’ म्हणतात, तेव्हा त्या पदाला महायानाने दिलेली करुणेची छटा त्यात असते. आणि स्वतः बाबासाहेबांनी दीक्षेच्या आदल्या दिवशी वार्ताहरांशी बोलताना ‘नवयान’ हा शब्द वापरला होता. याला सरमिसळ म्हणून नाक मुरडणे हा वृक्षाच्या उपमेचा दुराग्रह होय.

वाचनासाठी दोन ग्रंथ सुचवले जातात : धर्मानंद कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ आणि बाबासाहेबांचा १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेला ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (मूळ इंग्रजी). दोन्ही एकत्र वाचावेत, कारण दोघांनीही वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी यांच्या दर्शनाने गृहत्याग झाला ही कथा नाकारली आहे. कोसंबी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे शाक्य-कोलीयांच्या कलहाकडे वळतात. बाबासाहेब रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हीच कथेची नाडी करतात. कोसंबी पुरावा तोलतात, जुना थर व नवा थर वेगळा करतात. पण त्यांचा उपासक ग्रंथात फारसा दिसत नाही. बाबासाहेबांचा ग्रंथ तर उपासकासाठीच आहे. त्याची लहान, क्रमांकित वाक्ये मोठ्याने वाचण्याजोगी आहेत, आणि वर्षावासात विहारांतून ती तशी वाचलीही जातात. मात्र विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे, आणि ती आदरापोटी लपवू नये : पाली वचन कोठे संपते व ग्रंथकाराचे भाष्य कोठे सुरू होते हे मजकुरावरून कळत नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना मूळ स्थाने शोधली, ती याच कारणाने. दुःख, कर्म व पुनर्जन्म यांविषयी बाबासाहेबांनी प्रस्तावनेत जे प्रश्न उघड विचारले, त्यांची उत्तरे परंपरेपेक्षा निराळी आहेत. तो निराळेपणा मूळ सुत्त समोर ठेवल्यावाचून दिसत नाही, आणि त्यामागचे धाडसही दिसत नाही.

अभ्यासक्रमात यासाठी फार उलथापालथ नको. पहिल्या तीन तासिका वंदनेच्या शब्दांना द्याव्यात; ज्यांना ती पाठ आहे त्यांनी म्हणावी, ज्यांना नाही त्यांनी प्रश्न विचारावेत. नंतर आर्यसत्ये. शाखांचे प्रकरण विजासनची लेणी पाहून आल्यावर घ्यावे. चंद्रपूरहून भद्रावती दूर नाही.