पावणेदोन इंचांचं औचित्य

गाडीखाली पोतं अंथरून उताणं पडावं आणि नजर थेट मागच्या एक्सलवर न्यावी. सायलेन्सरची नवी नळी तिथं एक्सलच्या वरून कमान घेते आणि पलीकडे उतरते. नळी आणि एक्सल यांच्यात चार बोटं सहज मावतील एवढी मोकळी जागा आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जागा वाया गेल्यासारखी वाटली. नळी जरा खाली घेतली असती तर वळण सौम्य झालं असतं, दिसायलाही नीट दिसलं असतं.

पण ही जिप्सी आहे. चारही चाकांना पाटे, पुढं-मागं अखंड एक्सल. एक चाक दगडावर चढलं की अख्खा एक्सल त्या बाजूनं वर येतो आणि पाटे जवळजवळ सपाट होतात. नळी मात्र चेसिसला टांगलेली. ती जागची हलत नाही. म्हणून नळी जोडण्याआधी मिस्त्रींनी एक्सल जॅकनं उचलून बंप स्टॉपच्या रबराला टेकवला. आधी एक बाजू, मग दुसरी. त्या अवस्थेत जी जागा उरली, तिच्यातून त्यांनी कमान काढली. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना जे वळण अवघड दिसतं, ते गाडी तिरकी झाल्यावर चपखल बसतं. न दिसणाऱ्या क्षणासाठी राखलेली ही चार बोटं मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

वळणाचा पोतही पाहण्यासारखा आहे. नळी नुसती दाबून वाकवली की कोपऱ्यात चपटी होते आणि धुराची वाट नेमकी तिथंच अरुंद होते. इथं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोलाई टिकली आहे, कारण वाकवताना नळीच्या पोटात मँड्रेलचा आधार होता. जुने कारागीर हेच काम कोरडी वाळू ठासून, नळी तापवून करत. बोट फिरवलं तर कुठंही खळगा लागत नाही.

आता उलट, इंजिनाकडून वाचू. १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं हे पेट्रोल इंजिन ६००० फेऱ्यांना ८० अश्वशक्ती देतं. त्याचा सर्वाधिक टॉर्क १०३ न्यूटनमीटर, तोही ४५०० फेऱ्यांवर. पण घाटातल्या दगडी वाटेवर, फोर-लोमध्ये, आपण खेळतो दीड-दोन हजार फेऱ्यांत. या इंजिनाला मदत हवी ती तिथं. त्यात जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डला बारीक चीर गेली होती. सकाळी थंड इंजिन टिकटिक करायचं. बीड तापून फुगलं की चीर मिटायची आणि आवाज जायचा, त्यामुळे ती मला कितीतरी महिने सापडलीच नाही. अशा चिरेतून धूर बाहेर पडतो तशी हवा आतही ओढली जाते. पुढं बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय, आणि इंजिनाला विनाकारण जास्त पेट्रोल पाजलं जातं.

बिडाच्या जागी आता हेडर आहे : चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक. कोणती नळी कोणाला मिळते इकडे लक्ष द्यावं. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. पहिल्याची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. त्यामुळे एका जोडनळीत लागोपाठ दोन ठोके कधीच येत नाहीत. मध्ये क्रँकची एक पूर्ण फेरी जाते. एका उखळात दोघींनी आळीपाळीनं कांडावं आणि मुसळाला मुसळ लागू नये, तसं हे आहे. उलट, पुढं गेलेल्या ठोक्यामागची ओढ पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते. त्यासाठी चारही नळ्यांची लांबी सारखी हवी. मधल्या दोन सिलिंडरांना जोड जवळ पडतो, म्हणून त्यांच्या नळ्या मुद्दाम वळसा घेऊन आल्या आहेत. बाहेरच्या दोन सरळ येतात. एवढ्या अडचणीच्या जागेत हे गणित जुळवलेलं पाहिलं की मी हात जोडतो.

खरा प्रश्न जाडीचा होता. मी सव्वादोन इंची नळी मागायला गेलो होतो. ‘फ्री फ्लो’ म्हणजे रुंद, अशी माझी पक्की समजूत. कोल्हापुरातल्या त्या शेडमध्ये मिस्त्रींनी हातातला ग्राइंडर खाली ठेवला आणि विचारलं, “पाव्हणं, गाडी चढाला ओढायची हाय का गावाला ऐकवायची हाय?”

“चढाला, मामा.”

“मग पावणेदोन.”

घरी येऊन मी हिशेब केला. पावणेदोनाची सव्वादोन केली की नळीचं क्षेत्रफळ सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतं. धूर तेवढाच असेल तर त्याचा वेग त्याच प्रमाणात पडतो. ती मघाची ओढ वेगावरच जगते. कमी फेऱ्यांत धूर आधीच थोडा, त्याला एवढं मोठं अंगण दिलं की तो रेंगाळतो. मोकळं आणि रुंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वळणं गोल, जोड आतून गुळगुळीत, मफलर सरळ छिद्रनळीचा, एवढं केलं की पावणेदोन इंचही मोकळे होतात. काश्मीरच्या क्षेमेंद्रानं ११व्या शतकात काव्याचा प्राण म्हणून औचित्य सांगितलं. मला ते कळलं या पावणेदोन इंचांत.

मधला भाग भराभर वाचता येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवला आहे. तो काढून पिकअप वाढवणं म्हणजे आपलं विष दुसऱ्याच्या श्वासात ढकलणं आहे, आणि कायद्यालाही ते चालत नाही. इंजिन हेलकावतं म्हणून पुढं जाळीचा लवचीक तुकडा आहे. नळी ३०४ स्टेनलेसची; हे पोलाद बरंच प्रसरण पावतं. दोन मीटर नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे १० मिलिमीटर लांब होते, म्हणून हँगरच्या रबरांना तेवढी ढील ठेवली आहे. टाके घालताना नळीच्या आतही आरगॉन सोडला होता, नाहीतर आतली बाजू जळून खरखरीत होते. ती बाजू यापुढे कोणी पाहणार नाही, तरी टाका बाहेर जितका स्वच्छ तितकाच आत.

आवाज जुन्या आवाजापेक्षा थोडा खालच्या पट्टीत आहे, पण मोठा नाही. आंबा घाटाकडच्या एका चढावर, पहिल्या गिअरमध्ये, गाडी बंद पडेल असं वाटणाऱ्या जागी इंजिनानं एकदाही दम टाकला नाही. शेजारी बसलेला मित्र नेहमीच्या आवाजात बोलत होता आणि मला सगळं ऐकू येत होतं.

मफलरच्या डब्याच्या सर्वांत खालच्या जागी एक तीन मिलिमीटरचं छिद्र आहे. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गावातल्या छोट्या फेऱ्यांत ते डब्यातच साचतं. माझा जुना डबा तसाच आतून कुजला होता. एका पहाटे कातळाच्या सड्यावर गाडी सुरू करून मी मागं जाऊन बसलो. टिकटिक नव्हती. थोड्या वेळानं त्या छिद्रातून एक थेंब उतरला, लोंबला, आणि जांभ्यावर पडला. मग दुसरा.