मनुष्यस्वभाव की सत्तेची सबब? 'तुघलक' आणि 'घाशीराम कोतवाल'

समाज किती नीतिमान होऊ शकतो याची मर्यादा मनुष्यस्वभाव ठरवतो काय, हा प्रश्न 'तुघलक' (१९६४) आणि 'घाशीराम कोतवाल' (१९७२) ही नाटके एकत्र वाचताना टाळता येत नाही. माथेरानला जन्मलेल्या आणि २०१९ मध्ये बंगळूरला निवर्तलेल्या गिरीश कार्नाडांचे कन्नड 'तुघलक' विजय तेंडुलकरांनीच मराठीत आणले. त्यामुळे ही तुलना बाहेरून लादलेली नाही.

वरवर पाहता कार्नाडांचे उत्तर होकारार्थी वाटते. सुलतान धर्मभेद न मानता न्याय देतो, तर अझीज हा धोबी ब्राह्मणाचे सोंग घेऊन त्याच न्यायाचा लाभ उठवतो. पुढे तांब्याचे चलन येताच खोटी नाणी पाडतो. परंतु हा न्याय, हे चलन, दौलताबादचे स्थलांतर हे सारे एकाच माणसाच्या इच्छेतून प्रजेवर उतरलेले आहे. अझीजची लबाडी ही त्याच्या स्वभावाइतकीच या व्यवस्थेचीही निर्मिती ठरते.

तेंडुलकर हा मुद्दा पुढे नेतात. पुण्यात अपमानित झालेला घाशीराम मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो आणि अपमानाची परतफेड क्रौर्याने करतो. सूड मानवी आहे, हे नाटक नाकारत नाही. मात्र त्या सूडाला अधिकार पुरवणारा नाना अखेरीस घाशीरामला जमावाच्या स्वाधीन करून स्वतः नामानिराळा राहतो. सारा दोष एका माणसाच्या दुष्टपणावर ढकलला की व्यवस्थेला जाब विचारायचे कारण उरत नाही.

मनुष्यस्वभावाची मर्यादा दोन्ही नाटककारांना मान्य आहे. पण तिचे मोजमाप अनियंत्रित सत्तेच्या छायेत करणे त्यांना मान्य नाही.