खनिज कमी म्हणून मधुमेह, की मधुमेह म्हणून खनिज कमी?

'दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील जस्त, क्रोमियम ही खनिजे कमी आढळतात. तेव्हा ती गोळ्यांतून घ्यावीत,' अशा आशयाचे लेख आणि जाहिराती आपण नेहमी वाचतो. या विधानाचा पूर्वार्ध निरीक्षणाचा आहे आणि उत्तरार्ध उपचाराचा. त्यांना जोडणारा 'तेव्हा' मात्र तपासून घ्यायला हवा.

पहिला प्रश्न मोजमापाचा. १९५९ मध्ये अमेरिकेतील क्लाउस श्वार्ट्झ आणि वॉल्टर मर्ट्झ यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून असे मांडले, की ग्लुकोज वापरण्याची शरीराची क्षमता क्रोमियममुळे सुधारते. मग माणसाच्या रक्तातील क्रोमियम मोजणे ओघाने आलेच. पण निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात क्रोमियम एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असते, आणि रक्त काढण्याची सुई असते स्टेनलेस स्टीलची! त्या पोलादात किमान १० टक्के क्रोमियम असते. सुई, बाटली, हवेतील धूळ यांतून नमुन्यात मिसळणारे क्रोमियम मूळच्या क्रोमियमपेक्षा जास्त भरू शकते. उपकरणे आणि नमुना घेण्याची काळजी सुधारत गेली, तसतसा 'सामान्य' पातळीचा आकडा खाली येत गेला. माणसे तीच होती. बदलली होती मोजण्याची पद्धत. म्हणून १९८० पूर्वीच्या आकड्यांवर उभारलेली तुलना फारशी भरवशाची नाही.

दुसरा प्रश्न, आधी काय झाले? स्वादुपिंडातील पेशी इन्शुलिन साठवतात ते जस्ताच्या आधाराने, सहा-सहा रेणूंचे गट करून. त्यामुळे 'जस्त कमी म्हणून इन्शुलिन बिघडले' हे पटकन पटते. पण मधुमेह आटोक्यात नसला की लघवीचे प्रमाण वाढते आणि तिच्यातून जस्तही जास्त बाहेर पडते. म्हणजे रक्तातील घट हा रोगाचा परिणामही असू शकतो. टाकीतले पाणी उतरले म्हणून नळाला दोष देण्याआधी टाकी गळते का ते पाहावे लागते. शिवाय संसर्ग किंवा दाह झाला तरी रक्तातील जस्त उतरते. रुग्ण आणि निरोगी यांचे रक्त एकदाच तपासणाऱ्या पाहणीतून यांतले कारण कोणते, हे कळत नाही.

तिसरा प्रश्न, खनिज देऊन पाहिले का? १९९७ मध्ये रिचर्ड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी चीनमधील १८० रुग्णांवर चार महिने चाचणी केली. जास्त मात्रेत क्रोमियम घेणाऱ्यांची रक्तशर्करा लक्षणीय उतरली. निष्क्रिय गोळीशी तुलना केलेली ही चाचणी दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. पण पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर क्रोमियम हे आवश्यक पोषकद्रव्य असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असे मत दिले.

सेलेनियमचा धडा अधिक बोलका आहे. पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या काही विकरांत सेलेनियम असते, म्हणून ते मधुमेह टाळेल अशी आशा होती. त्वचेच्या कर्करोगासंबंधीच्या एका अमेरिकन चाचणीतील, सुरुवातीला मधुमेह नसलेल्या १,२०२ जणांची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गट जवळजवळ सारखे होते. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांपैकी ५८ जणांना मधुमेह झाला, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ जणांना. अपेक्षेच्या नेमके उलट!

याचा अर्थ खनिजे निरुपयोगी आहेत असा नव्हे. दीर्घकाळ केवळ शिरेतून पोषण घेणाऱ्या एका रुग्णात क्रोमियमअभावी मधुमेहासारखी लक्षणे दिसून क्रोमियम देताच ती ओसरल्याची नोंद १९७७ मध्ये झाली आहे. खरी कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण ती आधी सिद्ध व्हायला हवी.

अशी बातमी घेऊन गावातले लोक पुष्कळदा शिक्षकांकडेच येतात. गोळीच्या भरवशावर पथ्य, चालणे आणि डॉक्टरांचे औषध सुटले, तर त्याची किंमत डोळे आणि मूत्रपिंडे मोजतात. म्हणून पुढच्या वेळी अशी जाहिरात वर्गात आणा आणि मुलांना तीनच प्रश्न विचारायला सांगा: कसे मोजले? आधी काय झाले? देऊन पाहिले का?